उसन्या कातडीची गोष्ट

(१९८१ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. फोनवर सूचना अशी होती: "तुझ्या कामाबद्दल बोल, पण ते फोटो दाखवू नकोस, लगेच जेवण आहे." म्हणून स्लाइड आणलेल्या नाहीत. भरिताचा वास इथवर येतोय आणि कळण्याच्या पुऱ्यांशी स्पर्धा करायची माझी ऐपत नाही, तेव्हा वेळ पाळीन.

प्लॅस्टिक सर्जन म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. नाक सरळ करता का, आणि पोट कमी करता का. कालपासून या आवारात दुसरा प्रश्न मला अकरा जणांनी विचारला आहे. त्या अकरा जणांची निराशा करतो. माझं बहुतेक आयुष्य भाजलेल्या माणसांत गेलं. त्यातही आग विझल्यानंतर जीव वाचवण्याचं काम इतरांनी केलेलं असतं. माझ्याकडे माणूस येतो तो सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी तीस वर्षांनी. हात वर जात नाही, बोटं तळव्याला चिकटली आहेत, पापणी मिटत नाही, हनुवटी छातीला लागली आहे, अशा तक्रारी घेऊन.

आज मी या कामातल्या एकाच गोष्टीबद्दल बोलणार आहे. गेल्या चाळीसेक वर्षांत कातडीला पर्याय म्हणून काही वस्तू निघाल्या. वर्तमानपत्रात त्यांना 'कृत्रिम त्वचा' म्हणतात. ती लावल्यावर तीन आठवड्यांनी फार छान दिसते. पण दहा-पंधरा वर्षांनी तिचं काय होतं?

ही गोष्ट मी आपल्याच वर्गातून सुरू करणार आहे. ज्या मैत्रिणीबद्दल बोलणार आहे तिची परवानगी घेतली आहे. ती इथे बसली आहे. नाव घेऊ नको म्हणाली. "ज्यांना आठवतं त्यांना आठवतंच," असं तिचं म्हणणं.

१९७८ ची दिवाळी. आपण आठवीत होतो. चकल्या तळताना तिच्या घरातला पंपाचा स्टोव्ह भडकला. हनुवटी, गळा, छातीचा वरचा भाग आणि उजवी काख भाजली. शेजाऱ्यांनी घोंगडी टाकून आग विझवली आणि मग त्या काळच्या समजुतीप्रमाणे वरून शाईची दौत ओतली. खरं तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी हवं होतं. आजही माझ्याकडे टूथपेस्ट लावलेले रुग्ण येतात, तेव्हा हसू नका.

मार्चमध्ये ती शाळेत परत आली. जखमा भरल्या होत्या. भरल्या म्हणजे आतून ओढत ओढत बंद झाल्या होत्या. हनुवटी खाली खेचली गेली होती आणि मान वर होत नव्हती. तिने बाईंना विचारून शेवटचा बाक मागून घेतला. आम्हाला वाटलं, लाजते म्हणून मागे बसते. आम्ही मुलांनी तिला एक नाव ठेवलं. ते मी इथे उच्चारणार नाही. ठेवणाऱ्यांत मी होतो, एवढं मात्र सांगायला हवं. पुढच्या जूनमध्ये ती आली नाही आणि कुणी चौकशीही केली नाही. दहावीच्या ग्रुप फोटोत ती नाही.

शेवटच्या बाकाचं कारण तिने मला तीस वर्षांनी सांगितलं. पहिल्या बाकावरून फळ्याचा वरचा अर्धा भाग बघायला मान वर करावी लागते. लांबून बसलं की आख्खा फळा दिसतो.

आता थोडं विज्ञान. बाई, तुम्ही आम्हाला कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला होता. त्वचेचा वरचा थर, बाह्यत्वचा, जवळजवळ तेवढाच पातळ असतो, मिलिमीटरचा दहावा भाग. तो जन्मभर झडतो आणि नव्याने येतो. खरी ताकद खालच्या थरात, अंतस्त्वचेत. ती बहुतेक ठिकाणी एक-दोन मिलिमीटर जाड असते. त्यात कोलॅजेनचे धागे बाजेच्या सुंभासारखे उलटसुलट विणलेले असतात आणि मधूनमधून इलॅस्टिनचे, म्हणजे रबरासारखे ताणून परत येणारे धागे असतात. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी याच थरात. हा थर पूर्ण जळला की शरीर तो पुन्हा बनवत नाही. शरीराला घाई असते, भोक बुजवायचं असतं. म्हणून ते व्रण बनवतं. व्रणातले धागे दोरखंडासारखे एका दिशेला लावलेले असतात, त्यांत लवचिकता जवळजवळ नसते. शिवाय जखमेत अशा पेशी तयार होतात की ज्यांना स्नायूसारखं आखडता येतं. त्या कडा आत ओढतात. पाठीवर हे झालं तर एक वेळ चालतं. गळ्यावर झालं की माणूस आयुष्यभर जमिनीकडे बघतो.

यावर जुना उपाय असा: व्रण आडवा कापायचा, मान मोकळी करायची आणि उघड्या पडलेल्या जागेवर मांडीची पातळ कातडी लावायची. मोठ्या वस्तऱ्यासारख्या सुरीने ती काढतात. मांडीची जखम दहा-पंधरा दिवसांत आपली आपण भरते, कारण अंतस्त्वचेचा तळ तिथे शिल्लक असतो. या भरणाऱ्या जागेवर बांधायला मुंबईच्या शीव रुग्णालयाने काय वापरून पाहिलं, माहीत आहे? केळीचं पान. निर्जंतुक केलेलं. चिकटत नाही, काढताना दुखत नाही आणि पैसे जवळजवळ लागत नाहीत. त्यावर त्यांचे शोधनिबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आले आहेत. आम्ही खानदेशी लोक जन्मभर पान जेवायला वापरत राहिलो.

पण या पातळ कातडीची अडचण आहे. तिच्यासोबत अंतस्त्वचा अगदी थोडी येते. त्यामुळे ती धरते, पण पुढचे सहा महिने-वर्षभर आखडत राहते. जाड, पूर्ण कातडी लावली तर कमी आखडते, परंतु ती जिथून काढू तिथे नवी जखम होते. रक्तपुरवठ्यासकट शेजारची कातडी वळवून आणणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. इतिहासाच्या सरांसाठी सांगतो: १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये पुण्याजवळ झालेल्या एका शस्त्रक्रियेची हकीगत छापून आली. टिपूच्या कैदेत नाक कापलं गेलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला आपल्याकडच्या एका कारागिराने कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं होतं. त्या बातमीनंतर युरोपातले सर्जन खडबडून जागे झाले. आजही आम्ही कपाळावरून नाक करतो. पण ज्याचं निम्मं अंग भाजलं आहे त्याच्याजवळ वळवायला कातडी शिल्लक कुठे असते?

ही अडचण सोडवायला बोस्टनमध्ये दोन माणसं एकत्र आली. जॉन बर्क हे सर्जन आणि योआनिस यान्नास हे एमआयटीतले ग्रीक वंशाचे प्राध्यापक, जे डॉक्टर नव्हतेच, पदार्थविज्ञानाचे माणूस. गाईच्या कंडरेतलं कोलॅजेन आणि शार्क माशाच्या कूर्चेतला एक घटक मिसळून त्यांनी एक अगदी बारीक छिद्रांचा स्पंज बनवला आणि त्यावर सिलिकॉनचा पातळ पडदा चढवला. कल्पना अशी की स्पंज हा साचा. जखमेतल्या पेशी आणि रक्तवाहिन्या त्याच्या छिद्रांत शिरतील, आपलं स्वतःचं कोलॅजेन तिथे विणतील आणि हळूहळू मूळ स्पंज विरघळून जाईल. स्लॅब टाकताना सेंटरिंग लावतात आणि मग काढतात, तसं. फक्त इथे सेंटरिंग आपोआप नाहीसं होतं. गंमत म्हणजे, पुढे लक्षात आलं की नीट छिद्रांचा साचा जखमेचं आखडणंही रोखून धरतो. दहा रुग्णांवरचा त्यांचा निबंध ऑक्टोबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. आपण त्याच मार्चमध्ये दहावीला बसलो होतो आणि मी भूमितीचं प्रमेय विसरून आलो होतो.

हा साचा 'इंटिग्रा' या नावाने विकला जाऊ लागला. अमेरिकेत १९९६ साली ताज्या भाजण्यासाठी आणि २००२ साली आखडलेले व्रण सोडवण्यासाठी त्याला मान्यता मिळाली. काम दोन टप्प्यांत होतं. पहिल्यांदा व्रण कापून साचा लावायचा. सुमारे तीन आठवडे थांबायचं. लालभडक साचा हळूहळू पिवळसर गुलाबी होतो, म्हणजे त्यात रक्तवाहिन्या आल्या. मग सिलिकॉन सोलून काढायचं आणि वर अगदी पातळ कातडी लावायची, इतकी पातळ की तिच्यातून वर्तमानपत्र वाचता यावं. पुढे कोलॅजेनमध्ये इलॅस्टिन मिसळलेला, एकाच बैठकीत लावता येणारा पातळ साचा आला. ऑस्ट्रेलियातून प्राण्यांचं काहीही नसलेला, पॉलियुरेथेनचा आला.

आता मूळ प्रश्न. वर्षांनंतर काय?

२००४ साली अनेक केंद्रांची मिळून एक पाहणी प्रसिद्ध झाली. ८९ रुग्ण, आखडलेल्या १२७ जागा, सगळीकडे हा साचा वापरलेला. सुमारे तीन-चतुर्थांश जागी पाहणीच्या काळात आखडणं परत आलं नाही. कंपनीचा माणूस हा आकडा सांगताना इथेच थांबतो. मी माझ्या रुग्णांना उरलेला चतुर्थांशही सांगतो. चारांतल्या एका जागी पुन्हा आखडलं. हे ऐकून दोन रुग्ण उठून गेले आहेत. पण ज्यांनी ऐकून मग होकार दिला ते नंतर माझ्यावर चिडले नाहीत.

नेदरलँड्समधल्या लोकांनी याहून चिकाटीचं काम केलं. एकाच माणसाच्या अंगावर शेजारशेजारच्या दोन जागा घ्यायच्या, एकीवर साचा आणि वर कातडी, दुसरीवर नुसती कातडी. म्हणजे माणूस तोच, ऊन तेच, खाणं तेच. आणि मग १२ वर्षांनी पुन्हा त्याला बोलावून मोजायचं. २०१० साली त्यांनी निकाल छापला. बारा वर्षांनंतरही काही मोजमापांत साच्याची बाजू सरस होती. पण हे वाचून डोळे दिपवून घेऊ नका. व्रण तो व्रणच राहतो. केस येत नाहीत, घामाच्या ग्रंथी येत नाहीत, स्पर्श येतो पण पूर्वीइतका नेमका नाही. साच्याने मिळतं ते एवढंच की कातडी चिमटीत धरता येते, खालच्या भागावर सरकते आणि ताणली तर थोडी ताणते. मानेला आणि काखेला एवढंच हवं असतं, आणि ते फार मोठं आहे.

आता माझी एक चूक सांगतो. २००४ च्या सुमाराला माझ्याकडे एकोणीस वर्षांची मुलगी आली, काख आखडलेली. मी नुकताच हा साचा वापरायला शिकलो होतो आणि नव्या हत्याराचा जो उत्साह असतो तो अंगात होता. एका काखेपुरत्या तुकड्याची किंमत तिच्या वडिलांच्या वर्षाच्या कमाईपेक्षा जास्त होती. त्यांनी बैलजोडी विकली. शस्त्रक्रियेच्या दिवशी यादी लांबली होती, मला घाई होती. रक्तस्राव पूर्ण थांबला आहे की नाही हे दहा मिनिटं थांबून बघायला हवं होतं, ते मी बघितलं नाही. साच्याखाली रक्त साठलं. सहाव्या दिवशी पट्टी सोडली तर वास आला. सगळा साचा काढून टाकावा लागला. जगभरच्या अनुभवात हे घडतं. अमेरिकेतल्या २१६ रुग्णांच्या पाहणीत साच्याच्या सुमारे १३ टक्के जागी वरवरचा आणि ३ टक्के जागी खोलवरचा जंतुसंसर्ग नोंदलेला आहे. पण माझ्या मुलीच्या बाबतीत दोष साच्याचा नव्हता. मी बाहेर येऊन वडिलांना सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "म्हणजे जोडी गेली." मला शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

जखम स्वच्छ झाल्यावर मी तिथे साधी मांडीची कातडी लावली. पुढे कातडी आखडू नये म्हणून हात खांद्याच्या पातळीत ताणून ठेवणारा स्प्लिंट बांधला. तो घालून झोपणं म्हणजे शिक्षा. तिच्या आईने आठ महिने एकही रात्र तो चुकू दिला नाही, आणि रोज दिवे लागताना खोबरेल तेलाने त्या व्रणाला मालिश केलं. मुलगी आज दोन लेकरांची आई आहे. मागच्या वर्षी आली होती. हात जवळपास पूर्ण वर जातो. महाग वस्तू माझ्यामुळे वाया गेली आणि स्वस्त वस्तूने काम केलं, कारण त्या घरात एक बाई रोज रात्री जागी होती.

याच्या उलटही पाहिलं आहे. एका तरुणाची मान मी साच्याने सोडवली. इतकी सुरेख धरली की मी परिषदेत त्याचे फोटो दाखवले. टाळ्या मिळाल्या. गावी गेल्यावर त्याने गळ्याचा पट्टा काढून टाकला, कारण मित्र हसत होते. दीड वर्षाने परत आला तेव्हा निम्मी मान पुन्हा खाली होती. परिषदेत मी पहिल्या महिन्याचे फोटो दाखवले होते. तेव्हापासून मी दोन वर्षांच्या आतला फोटो कुठे दाखवत नाही.

२००८ साली आपली मैत्रीण माझ्याकडे आली. भाच्याने आणली होती. मला पाहून म्हणाली, "ओळखलंस का रे?" आणि मी ओळखलं, कारण ती माझ्याकडे भुवया उचलून, खालून वर बघत होती, तशीच आठवीत बघायची.

तीस वर्षांत काय झालं होतं ते सांगतो. लहान वयात गळा ओढला गेला की वाढणारा जबडाही ओढला जातो. खालचे दात पुढे कलले होते, खालचा ओठ उलटला होता, लाळ आवरावी लागे. यातलं बरंचसं साचा सुधारू शकत नाही. ते मी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं. आठवीतच कुणी मान सोडवून दिली असती, पट्टा वापरून घेतला असता, तर साध्या कातडीनेही जबडा वाचला असता.

अशा मानेची शस्त्रक्रिया सुरू करणंच अवघड. मान मागे जात नसेल तर भूल देताना श्वासाची नळी घालता येत नाही. म्हणून आधी जागा बधिर करून, तिच्याशी गप्पा मारत मारत व्रण कापला, मान सुटली, आणि मग पूर्ण भूल दिली. कापताना दोन बोटांची पट्टी दिसत होती. मान मागे गेली तसा तो कप्पा उघडत उघडत दीड तळहाताएवढा झाला. एवढी कातडी तीस वर्षं कमी होती. त्यावर साचा लावला. रक्तस्राव थांबलाय हे बघायला मी पंधरा मिनिटं थांबलो, सिस्टरांनी दोनदा घड्याळाकडे पाहिलं. बाविसाव्या दिवशी वर पातळ कातडी लावली. नऊ महिने गळ्याला कडक पट्टा. उन्हाळ्यात आपल्याकडचा पारा माहीत आहे. मी म्हटलं, जमेल का? तर म्हणाली, "तीस वर्षं वाकलेली मान घेऊन काढली, पट्टा काय जड आहे?"

आता पंधरा वर्षं झाली. कालच सकाळी, संयोजकांच्या घरी चहा घेताना मी तिची मान पुन्हा तपासली. सवय जात नाही. ती वर छताकडे बघू शकते. व्रण चिमटीत येतो. मधल्या काळात, पाचव्या वर्षी, नवी कातडी आणि जुनी कातडी यांच्या सांध्यावर एक दोर तयार झाला होता. तो छोट्या शस्त्रक्रियेने, झेड आकाराचे काप देऊन, सोडवावा लागला. त्या सांध्यावर असं होतं, हे आता मी आधीच सांगून ठेवतो. गळ्याचा रंग बाकीच्या अंगापेक्षा गडद आहे. आपल्यासारख्या सावळ्या लोकांत मांडीची पातळ कातडी काळवंडते. पाश्चात्त्य पुस्तकांतले गोरे फोटो बघून रुग्णाला रंगाचं वचन देऊ नये, हे मला उशिरा समजलं. गळ्याला घाम येत नाही, त्यामुळे मे महिन्यात ती ओला रुमाल गुंडाळून ठेवते. थंड-गरम नीट कळत नाही, म्हणून वाफेपासून जपते. खाज पहिली दोन वर्षं फार होती, आता क्वचित.

मी विचारलं, सगळं धरून बघता पुन्हा केलं असतंस का? ती म्हणाली, "एस.टी.ची पाटी वाचता येते आता. आधी शेजारच्याला विचारावं लागायचं, आणि तो आधी तोंडाकडे बघायचा." आमच्या शास्त्रात व्रण मोजायच्या अनेक पट्ट्या आहेत: रंग, जाडी, लवचिकता, खाज. एस.टी.ची पाटी कोणत्याच पट्टीत नाही.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या कातडीबद्दल काल एकाने विचारलं होतं, त्याला दोन वाक्यांत उत्तर देतो. १९७५ साली हॉवर्ड ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्याने माणसाच्या बाह्यत्वचेच्या पेशी भांड्यात वाढवून दाखवल्या, आणि पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यातून अंगभर पुरेल एवढा पापुद्रा करता येऊ लागला. त्याने जीव वाचले आहेत, पण खाली अंतस्त्वचेची गादी नसेल तर तो पापुद्रा नाजूक राहतो, फोड येतात. गादी महत्त्वाची, हे पुन्हा तिथेही निघालं.

शेवटचा मुद्दा, आणि मग जेवण. हे सगळे साचे महाग आहेत आणि आपल्या देशात सरकारी अंदाजानुसार दरवर्षी साठ-सत्तर लाख माणसं भाजतात. ज्याचं निम्मं अंग भाजलं आहे त्याला पहिल्या आठवड्यात साच्याआधी एक आवरण हवं असतं, आणि सर्वांत चांगलं आवरण म्हणजे दुसऱ्या माणसाची कातडी. शरीर ती दोन-तीन आठवड्यांत नाकारतं, तेव्हा ती खरोखर उसनी. पण तेवढ्या वेळात पाणी आणि प्रथिनं अंगातून वाहून जायची थांबतात, जंतू आत शिरायचे थांबतात, आणि माणूस पुढच्या शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचतो. शीवच्या रुग्णालयात २००० सालापासून त्वचापेढी आहे, ऐरोलीच्या नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये आहे, पुण्यातही आहे.

नेत्रदानाचे फॉर्म आपल्यापैकी अनेकांनी भरले असतील. त्वचादानही तसंच, मृत्यूनंतर सहा तासांच्या आत. पेढीचे लोक घरी किंवा दवाखान्यात येतात, मांड्या, पाय आणि पाठ इथून अगदी पातळ थर घेतात, अर्धा-पाऊण तास लागतो. रक्त वाहत नाही, चेहऱ्याला हात लागत नाही, पट्टी बांधून देतात. रक्तगट जुळावा लागत नाही. मधुमेह, रक्तदाब चालतो, म्हणजे या सभागृहातले जवळजवळ सगळे पात्र आहेत. एचआयव्ही, कावीळ बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत. मिळालेली कातडी ग्लिसरॉलमध्ये, चार अंशांना, पाच वर्षांपर्यंत टिकते. घरच्यांना आधी सांगून ठेवा, कारण त्या सहा तासांत फोन त्यांनाच करायचा असतो. रडणाऱ्या घरात ऐन वेळी हा विषय कुणी काढत नाही.

फॉर्म दाराजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. तिथे आपली मैत्रीणच बसणार आहे, काही विचारायचं असेल तर तिला विचारा, मला नको. तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आणि पेन आपापलं आणा. आठवी ते दहावी या वर्गाने माझी तीन पेनं नेली आहेत, त्यातलं एकही अजून परत आलेलं नाही.